तुरीवरून गेलेली गाडी

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गेली बारा-तेरा वर्षं माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्यांचं आहे. मी काही शोध लावणारा माणूस नाही. पुण्यात एका कंपनीत बसून मी रस्त्यांची चित्रं बघतो. टपावर कॅमेरे लावलेली गाडी रस्त्यांवरून फिरवतात, आणि तिनं टिपलेल्या चित्रांतल्या प्रत्येक वस्तूभोवती आम्ही चौकट काढून तिचं नाव लिहितो. माणूस, म्हैस, दुचाकी, विजेचा खांब, खड्डा. अशी लाखो चित्रं बघून यंत्र शिकतं, आणि पुरेसं शिकलं की ते स्वतः गाडी हाकेल, असा हा सगळा हिशेब.

या कामाबद्दल जगात सगळ्यांत जास्त चौकशी करणारी व्यक्ती म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझे केस विंचरण्यापासून डिप्लोमाचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. ती उदगीरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. चाळिशी ओलांडल्यावर तिच्या डोळ्यांना पडद्याचा आजार लागला. आधी संध्याकाळी दिसेना, मग दोन्ही बाजूंनी अंधार सरकत आला, शेवटी उजेड कुठं आहे एवढंच कळू लागलं. डॉक्टरांनी हैदराबादलाही दाखवायला सांगितलं. तिथंही सांगितलं, यावर इलाज नाही.

शाळा उदगीरपासून सहा किलोमीटर. शेवटची दोन वर्षं ती एका सहकारी शिक्षकाच्या मोटारसायकलवर मागं बसून जायची. माणूस वाईट नव्हता. पण एकदा फाट्यावर चहा पिताना तो चारचौघांत म्हणाला, "मॅडमला आणायचं म्हंजे काचंचं पार्सल आणल्यावानी हाय बाबा. फुटलं न्हाई पायजे." सगळे हसले. अक्काही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं रजेचा अर्ज दिला आणि पुढं मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

मी फोनवर म्हटलं, "अक्का, चेष्टा केली त्यानं."

"चेष्टाच केली की. मी कुठं न्हाई म्हणलं?" मग म्हणाली, "आपल्या दादाला लहानपणी गावात कुणी बैलगाडीत बसू द्यायचं न्हाई. मागं मागं चालायचा, धुराळा खात. मला बसू देत्यात. पर ऐकवत्यात. मला आता कुणाला मागायचंच न्हाई."

दादा म्हणजे आमचे वडील. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालानं राबायचे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीत शिपायांची भरती निघाली आणि ते लागले. अक्का तेव्हा अठराची होती. जिल्हा होणार होणार म्हणून लोक वर्षानुवर्षं हसत होते, आणि एक दिवस तो झाला, आणि आमच्या घरात महिन्याचा पगार आला. अक्काच्या मनावर ही गोष्ट कायमची कोरली गेली. येणार म्हटलेली गोष्ट उशिरा येते, पण येते. म्हणून उदगीरही जिल्हा होणार ही बातमी दर जानेवारीत उठायची, तेव्हा बाकीचे कंटाळून हात झटकायचे, आणि अक्का मात्र खरं मानायची. तिनं त्याच भरवशावर गावाबाहेर, शाळेच्या रस्त्याला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. शाळेपासून दोन किलोमीटर.

आणि माझ्या गाडीबद्दलही ती तसंच मानायची.

"तुझ्या गाडीचं कुठपत्तर आलं रे?"

"चाललंय, अक्का. पाच वर्षं धर."

"पाच म्हंजे पाच ना? का सरकारी पाच?"

मी हसायचो. खरं तर पाच हा आकडा मला कुणी दिला नव्हता. आमच्या ऑफिसातही तोच सगळ्यांच्या तोंडी होता, म्हणून मीही तोच सांगत होतो.

त्या वर्षी दुष्काळ होता. पुढं उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. संक्रांत होऊन गेली होती. कंपनीला मराठवाड्यातल्या रस्त्यांचं चित्रीकरण हवं होतं, आणि मी तिकडचा म्हणून मला पाठवलं. नांदेडला एक गाडी ठरवली होती, तिच्या टपावर लोखंडी दांडा उभा करून कॅमेरे बसवले. तिचा ड्रायव्हर नांदेडचाच, माझ्याच वयाचा, दखनी बोलणारा. चार दिवस आम्ही बरोबर फिरलो. अर्धापूरला त्यानं केळी घेतली, दुष्काळानं बोटाएवढी झालेली, आणि चारही दिवस तो मला "खाओ साब" करत राहिला. नायगाव, देगलूर करत चौथ्या दिवशी उदगीरला पोचलो. सकाळचे दहा वाजले असतील. मी म्हटलं, माझ्या बहिणीला भेटून पुढं जाऊ.

अक्का तेव्हा उदगीरमध्ये एका खोलीत भाड्यानं राहायची. हॉर्न ऐकून ती बाहेर आली. हात पुढं करून गाडीपर्यंत आली, बॉनेटवरून हात फिरवला, काचेवरून, मग टपावरच्या दांड्याला तिचा हात लागला. तो दांडा तिनं दोन्ही हातांनी धरला.

"हीच का रे ती?"

मी नाही म्हणणार होतो. शपथ घेऊन सांगतो, माझ्या तोंडात "यात नुसते कॅमेरे आहेत" हे वाक्य तयार होतं. पण तिचा चेहरा वर झाला होता, उजेडाकडं. तो चेहरा मी पूर्वी पाहिलेला होता. वडिलांच्या नेमणुकीचा कागद आला त्या दिवशीचा.

"हाव," मी म्हटलं. "हीच."

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं.

मग एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं उभं करावं लागलं. मी सांगितलं, कायद्यानं अजून एक माणूस पुढं बसवावा लागतो, पण तो कशाला हात लावत नाही, सगळं गाडीच करते. अक्कानं तोंड त्याच्या दिशेला वळवलं. "भाऊ, तुम्ही नुसते बसून ऱ्हाता?"

तो मग म्हणाला, "हौ आपा. बस बैठा रहता मैं."

ती मागं बसली, मी तिच्या शेजारी. "कुठं जायाचं ते गाडीला सांगायचं असतंय का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सांग. तिनं पदर नीट केला, घसा साफ केला, आणि वर्गात हजेरी घेताना बोलायची तसं खणखणीत आवाजात शाळेच्या गावाचं नाव घेतलं. गाडी निघाली.

"गिअर पडल्याचा आवाज आला," ती म्हणाली.

"आपोआप पडतो. आतून."

"अस्सं." ती दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान किंचित तिरकी करून ऐकत होती.

आमच्याकडं एक पद्धत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तूर, हुलगे, उडीद असलं पीक काढलं की ते डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात. येणारीजाणारी वाहनं वरून जातात, शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात. रस्त्याचंच खळं. कडेला एखादी बाई खराटा घेऊन बसलेली असते, ती मधून मधून काड्या वरखाली करते आणि येणाऱ्या गाडीला हातानं खूण करते की जा, वरूनच जा, बाजूनं जाऊ नका. त्या वर्षी पीक इतकं थोडं होतं की मळणीयंत्र बोलावणं परवडत नव्हतं, म्हणून रस्त्यावर तूर जास्तच दिसत होती. शाळेच्या अलीकडं, अक्काच्या प्लॉटच्या समोरच एका शेतकरी कुटुंबानं अर्धा रस्ता भरून तूर टाकली होती. ती बाई पन्नाशीची, तिची मुलं अक्काच्या हाताखाली शिकलेली. तिनं तळवा हलवून खूण केली. ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि गाडी सरळ तुरीवर घातली. चाकांखाली कडकड आवाज झाला.

"थांब, बोलू नकू," अक्का मला म्हणाली. ती पूर्ण पुढं झुकली होती. आवाज संपल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "तुरी हायत. व्हय ना? गाडी वरून गेली. थांबली न्हाई, बाजूनं बी गेली न्हाई."

"हो."

"म्हंजे तिला कळलं. हे दगड न्हाईत, पीक हाय, अन् पिकावरनं जायाचं असतंय, हे तिला कळलं!" तिनं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. "मला वाटायचं ह्या गाड्या पुण्यामुंबईच्याच. आपल्याकडचं त्यांना काय कळायचं? पर तुरी कळल्या, म्हंजे बाकीचं बी कळंल."

मागून त्या बाईची हाक आली. "ओ, मॅडम हायत का काय आत? मॅडम! ह्यांना म्हणावं आजून एक चक्कर मारा की, लई वल्ल्या हायत शेंगा!"

अक्कानं खिडकीतून मान बाहेर काढली. "मारतेय की! गाडीला सांगते!" आणि तिनं गाडीला सांगितलं, परत फीर. ड्रायव्हरनं गाडी वळवली. आम्ही तीनदा तुरीवरून गेलो. तीनदा अक्का हसली, लहान मुलीसारखी, तोंडावर हात न ठेवता. माझी बहीण तशी हसलेली मी फार वर्षांनी ऐकत होतो.

शाळेत मुलं टँकरची वाट बघत भांडी घेऊन उभी होती. अक्काला बघून सगळी धावत आली. "मॅडम, कुणासंगट आलात?"

"कुणासंगट न्हाई. एकटी आले. ही गाडी आपली आपण चालती."

एक पोरगी पुढं जाऊन बघून आली. "मॅडम, ड्रायव्हर हाय की त्यात!"

"तो नुसता बसलाय. कायदा हाय तसा," अक्का म्हणाली. माझं वाक्य, तिच्या आवाजात. वर्गात इतकी वर्षं तिनं खरं तेच शिकवलं होतं.

परत तिला खोलीवर सोडल्यावर ड्रायव्हरनं उरलेली केळी तिच्या ओंजळीत दिली. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "साब, आपा कू सच बोल देना. मेरे से झूट बुलाए तुम." मी म्हटलं, सांगतो, फोनवर सांगतो. त्यानं मान हलवली आणि गाडी लातूरच्या रस्त्याला लावली.

मी सांगितलं नाही.

त्याच वर्षी अक्कापुढं दोन वाटा होत्या. लातूरला अंध माणसांना काठी घेऊन चालायला शिकवणारा एक वर्ग होता, काही महिन्यांचा. तो करावा, मग पुण्यात माझ्याजवळ यावं, असं मी आणि माझ्या बायकोनं सुचवलं होतं. दुसरी वाट म्हणजे त्या प्लॉटवर घर बांधायचं. तिनं घर बांधलं. पाऊस पडून विहिरींना पाणी येईपर्यंत बांधकाम थांबलं होतं, तेवढाच काय तो उशीर. काठीच्या वर्गाचं विचारलं तर म्हणाली, "काठी कशाला? गाडी येणार हाय ना. जिल्हा झाला की रस्ता बी रुंद व्हईल. मी सकाळी उठीन, गाडीत बसीन, शाळेत जाईन, पोरांचे पाढे घीन, दुपारी घरी. कुणाला सांगायचं न्हाई, कुणाला विचारायचं न्हाई."

तिला हवं होतं ते एवढंच. दोन किलोमीटर.

पुढची सहा वर्षं ती त्या घरात एकटी राहिली. स्वयंपाक, धुणं, सगळं स्वतः करायची. घरात तिला काठी लागत नव्हती. पण फाटकाच्या बाहेर ती जात नव्हती. किराणा दुकानदार आणून द्यायचा. मधल्या महामारीत शाळाच बंद होती, तेव्हा ती म्हणायची, बरं झालं, माझं काई हुकलं न्हाई. दर पंधरा दिवसांनी फोन, आणि फोनवर तोच प्रश्न. मी पाचाचे तीन केले, मग दोन. एकदा तिनं विचारलं, "तिकडं आजून तुरीवरनं जाती ना रे नीट?" मी म्हटलं, जाते.

खरं काय ते मला ऑफिसात रोज दिसत होतं. आम्ही त्या दिवशी टिपलेलीच चित्रं एकदा यंत्राला दाखवून, ते तिथं गाडी कशी हाकेल ते बघितलं. पडद्यावर तो रस्ता आला. ती तूर आली. ती बाई आली, तळवा हलवणारी. यंत्रानं तुरीभोवती लाल चौकट काढली आणि गाडी थांबवली. बाईच्या हाताकडं बघून पुन्हा थांबवली, कारण वर झालेला हात म्हणजे थांबा, असं त्याला आम्हीच शिकवलं होतं. "जा" म्हणणारा हात आमच्या यादीत नव्हता. नियम लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी वरिष्ठांना म्हटलं, हा अडथळा नाही, हे खळं आहे. ते म्हणाले, "खाली दगड असला तर? झोपलेलं कुत्रं असलं तर? एका चुकीत माणूस जाईल." त्यांचं चूक नव्हतं. मी नियम लिहिला: रस्त्यावर पसरलेलं पीक, अडथळा, थांबा. खाली माझंच नाव आहे.

मी या गाड्यांच्या विरोधात नाही. लोकांना वाटतं तसा हा नुसता श्रीमंतांचा खेळही नाही. झोप आलेल्या ट्रकवाल्यामुळं मेलेली माणसं मी आमच्याच रस्त्यावर पाहिली आहेत. यंत्राला झोप येत नाही. आणि ज्यांना दिसत नाही, ज्यांचे पाय चालत नाहीत, जी म्हातारी माणसं कुणीतरी नेईल म्हणून दारात बसून असतात, त्यांना हे मिळालं तर ते उपकार ठरणार नाहीत, हक्क ठरेल. मला ती गाडी मनापासून यायला हवी आहे. ती येईल असंही मला वाटतं. पण ती आधी कुठं येईल हेही मला आता माहीत आहे. आखीव रस्त्यांवर, कुंपणाच्या आत, बंदरात, खाणीत, मोठ्या शहरातल्या ठरलेल्या चार रस्त्यांवर. म्हणजे जिथं ड्रायव्हर सहज मिळतो तिथंच. उदगीरबाहेरच्या रस्त्यावर यायला तिला तिथल्या माणसांचे हात वाचता यावे लागतील. तिथं मध्येच चारा उतरवतात, लग्नाचा मांडव टाकतात, शेळ्यांचा कळप एका हाकेवर कडेला होतो. हे सगळं शिकवायला कुणीतरी बसलं पाहिजे, आणि त्या रस्त्यावर गिऱ्हाईक थोडं असल्यामुळं तिथं कुणी बसत नाही. हे अक्काला मी पहिल्या वर्षीच सांगू शकत होतो. तिला कळलं असतं. ती शिक्षिका होती.

आणि मी स्वतः? महिनाभर शिकवणी लावली असती तर गाडी शिकलो असतो. सुट्टीत गेलो असतो, तिला घेऊन हिंडलो असतो. ते मी केलं नाही.

सहाव्या वर्षी एप्रिलमध्ये तिचा फोन आला. आवाज वेगळा होता. शाळेत दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या. मुख्याध्यापक तिच्या घरी येऊन म्हणाले होते, "मॅडम, जूनपासून तुम्ही रोज येत असाल तर तिसरी-चौथी तुमच्याकडं देतो. पर रोज यावं लागंल. कधीमधी चालायचं न्हाई." त्यांना मेअखेर उत्तर हवं होतं.

"आता नक्की सांग," अक्का म्हणाली. "जूनपत्तर गाडी येईल का न्हाई? न्हाई आली तर मी त्यांना न्हाई सांगते. पोरांचं वरीस वाया जायला नको."

मी म्हटलं, येऊन सांगतो.

बुद्धपौर्णिमेला गेलो. एसटीनं उदगीर, तिथून रिक्षानं घर. तिनं खीर केली होती. पांढरी साडी नेसून बसली होती. आम्ही दोघांनीच वंदना घेतली. लहानपणापासून घरात पंचशील मीच पुढं म्हणायचो, आणि बाकीचे माझ्यामागून. पहिलं, दुसरं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं माझा आवाज फुटेना. अक्काला वाटलं मी विसरलो. तिनं पुढचं म्हटलं, हसून म्हणाली, "पुण्याला गेल्यावर चौथं सुटतंच वाटतं," आणि पाचवंही पूर्ण केलं.

मग मी सांगितलं. सगळं. दांडा कॅमेऱ्यांचा होता, गाडी साधी होती, गिअर त्यानं टाकले, ब्रेक त्यानं मारला. गाडी जूनमध्ये येणार नाही. पुढच्या जूनमध्येही नाही. कधी, ते मला माहीत नाही.

खिरीवर माशी बसली होती. मी ती हाकलली, तेव्हा तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"म्हंजे परीक्षा मी घेतली," ती म्हणाली, "अन् तू डमी बसवला."

मला हसूही येईना आणि रडूही.

"तुरीवरनं कुणी नेली मग?"

"ड्रायव्हरनं."

"तीनदा?"

"हो."

"नाव काय त्याचं?"

मला आठवेना. खरं म्हणजे आठवण्याचा प्रश्नच नव्हता, मी विचारलंच नव्हतं. चार दिवस एका गाडीत बसलो, त्याची केळी खाल्ली. तो मला साब म्हणायचा, मी त्याला ड्रायव्हर म्हणायचो.

"सहा वर्षं मी त्या गाडीचं कौतुक करून राहिले," ती म्हणाली. "ह्या घरी आलेल्या परतेक माणसाला सांगितलं, तिला तुरी कळत्यात म्हणून. त्या माणसाला कळत हुत्या. अन् त्याचं नाव बी न्हाई." मग तिनं विचारलं, "एक खरं सांग. मी इथं वाट बघून राहिले, ते तुला बरं वाटत हुतं का?"

या प्रश्नासाठी मी तयार नव्हतो. नाही म्हणणं सोपं होतं. पण एवढं सगळं सांगितल्यावर तेवढंच खोटं का ठेवायचं.

"हो," मी म्हटलं. "तू गाडीची वाट बघत होतीस, तोवर मला यावं लागत नव्हतं."

"हाव. मला बी तसंच वाटलं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. रात्रीच्या गाडीनं निघणार होतो, तो दुपारीच निघालो. ती फाटकापर्यंत आली नाही.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी केला की घेत होती, हाव-न्हाई करून ठेवत होती. शाळेचं विचारायची मला हिंमत झाली नाही. जून उजाडला. शाळा उघडून आठवडा झाला असेल, मी एका सकाळी अकराच्या सुमाराला फोन केला. बराच वेळ वाजला. शेवटी घेतला, तर मागं नुसता कलकलाट.

"शाळेत हाय. लवकर बोल."

"शाळेत? कशी गेलीस?"

"मागितलं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ती तुरीवाली न्हाई का, समोरची. तिच्या सुनंची स्कूटी हाय. रोज सकाळी डेअरीला दूध घालायला जाती, शाळेवरनंच. पुढं किटल्या अन् मागं मी. सीटच्या मागच्या कडीला धरून बसायचं, तिनं शिकवलं मला. संध्याकाळचं दूध घालून परतताना घेती." आवाजात राग नव्हता, वर्गात सांगतात तसं सांगत होती. "लगीन हून आल्यापासून जाती म्हणं ती ह्याच रस्त्यानं. चार वर्षं. रोज माझ्या दारावरनं. मला आवाज यायचा स्कूटीचा. मी म्हणायची, कोण जातंय की."

"अक्का..."

"काठीच्या वर्गाला बी नाव दिलंय. दिवाळीच्या सुट्टीत थोडा, बाकीचा उन्हाळ्यात. ठेव आता, पोरं गोंधळ करून राहिलीत."

आपण फोन बंद केला असं तिला वाटलं, पण तो बंद झाला नव्हता. टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग तिचा आवाज, थोडा लांबून. "चला. सतरा." आणि पंधरा-वीस बारीक आवाज एकदम उठले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. कुणीतरी त्रिकला अडखळलं, तिनं थांबवलं, परत पहिल्यापासून घेतलं. हा पाढा तिनं मला चुलीपुढं बसवून शिकवला होता, मीही त्रिकलाच अडखळायचो. मी ऑफिसात खुर्चीवर बसून होतो, समोर पडद्यावर कुठल्यातरी रस्त्याचं चित्र अर्धवट चौकटी काढून पडलं होतं. मला तिथंच बसून तो तास संपेपर्यंत ऐकायचं होतं. इतकं मला दुसरं काही कधी हवं होतं असं वाटत नाही.

पण मी ऐकतोय हे तिला माहीत नव्हतं.

सतरा चोकला मी फोन बंद केला.